बहात्तर दिवस

आन लोय,
सोमवार, ८ जानेवारी २०२४

आदरणीय खिएम सर,

आपल्याला पत्र लिहिण्याचा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही, हे मी जाणते. तरीही लिहिते आहे, याबद्दल आरंभीच क्षमा मागते. गेल्या तेरा-चौदा महिन्यांत आपण माझ्याशी एक शब्दही बोललेला नाहीत, आणि आपण बोलावे असे मीही काही केलेले नाही. समोर उभी राहून सांगता आले असते, तर हे पत्र लागलेच नसते. परंतु चार माणसांत मला बोलायला जमत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पदवीच्या तोंडी परीक्षेत आपण मला उत्तरे फळ्यावर लिहिण्याची मुभा दिली होती. हे पत्र त्याच मुभेचा विस्तार समजावे.

निमित्त आपल्याच कार्यालयाने दिले आहे. तीस तारखेला तीन जिल्ह्यांची जलनियमन परिषद भरते आहे. नदीवरचे दोनशे बारा दरवाजे कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी उघडायचे आणि मिटायचे याचा तक्ता त्या दिवशी मंजूर व्हायचा आहे, आणि तो तक्ता आपल्या सूत्रावरून तयार झालेला आहे. आपल्या भाषणापूर्वी आपला कार्यपरिचय वाचला जाईल. तो लिहिण्याचे आणि वाचण्याचे काम माझ्याकडे आले. कुलसचिवबाईंनी फोनवर सांगितले, "तुझी भाषा चांगली आहे आणि तू त्यांची जुनी विद्यार्थिनी. चार पानं लिही. गोड लिही, पण पाघळू नकोस." आपले बोलणे बंद आहे, हे त्यांच्यापर्यंत पोहोचलेले दिसत नाही. मी होकार दिला. नकार द्यायलाही बोलावे लागते.

तीन पाने लिहून झाली आहेत. चौथ्या पानावर एक वाक्य यायला हवे, ते लिहिता येत नाही. ते का लिहिता येत नाही, एवढेच या पत्रात सांगायचे आहे. ते एका बैठकीत सांगून होईल असे वाटत नाही, म्हणून थोडे थोडे लिहून ठेवते आणि सगळे एकत्र पाठवते.


गुरुवार, ११ जानेवारी

लिहिलेल्या तीन पानांचा सारांश येथे देते, म्हणजे तपशिलात चूक असल्यास आपल्याला दुरुस्त करता येईल.

मासळीच्या रसाचे रांजण होडीतून विकणाऱ्या वडिलांचे आपण चौथे अपत्य. १९८९ साली स्थापत्य अभियंता झालात, सहा वर्षे पाटबंधाऱ्यांच्या कामावर घालवलीत, १९९५ मध्ये विद्यापीठात अध्यापक म्हणून आलात. त्या वेळी जलशास्त्राच्या प्रयोगशाळेत दोन बादल्या आणि एक तराजू होता. जुना बाजार पाडला तेव्हा दुकानांच्या काचा आपण सायकलवरून वाहून आणल्यात आणि त्यांतून बारा मीटर लांबीचा काचेचा पाट उभा केलात. तो आजही एका सांध्यातून गळतो. त्या सांध्याखाली ठेवलेली कढई बदलण्याचे काम गेली दोन वर्षे माझ्याकडे आहे.

पहिल्या तासाला आपण वर्गाला नदीच्या पाण्याचे पाच पेले द्यायचात आणि चाखून क्रम लावायला सांगायचात. आमच्या वर्गात कोणाचाच क्रम बरोबर आला नव्हता. आपण म्हणाला होतात, "जिभेला खारट लागलं म्हणजे उशीर झालेला असतो. म्हणून मोजायचं." ते वाक्य मी परिचयात घेतले आहे.

२००४ मध्ये आपले सूत्र प्रसिद्ध झाले आणि पुढे दरवर्षीच्या नोंदी घालून आपण ते २०१९ पर्यंत पक्के करत गेलात. कोरड्या दिवसांत समुद्राचे खारे पाणी नदीतून किती आत शिरेल, हे त्यावरून आधी सांगता येते. त्यानंतर प्राध्यापकपद, अधिष्ठातापद आणि २०१८ पासून कुलगुरुपद. २०१९ पासून आठ दरवाजे प्रायोगिक तत्त्वावर सूत्राप्रमाणे चालतात. आन लोयचा दरवाजा त्यांपैकी एक. मी त्याच गावची.

आता चौथे पान. आपल्या मानपत्रांत, विद्यापीठाच्या माहितीपत्रकात आणि आपल्या भाषणांतही जे वाक्य असते ते असे: "हे सूत्र आन लोयच्या धक्क्यावरील सलग आठ हजार सातशे सहासष्ट दिवसांच्या नोंदीवर उभे आहे. या नोंदीत एकही दिवस चुकलेला नाही." १९९६च्या पहिल्या जानेवारीपासून २०१९च्या अखेरीपर्यंत दिवस मोजले, तर आकडा बरोबर येतो. मी तीनदा मोजला.

तरीही तो आकडा बरोबर नाही.


रविवार, १४ जानेवारी

मी २०१९ पर्यंत चार वर्षे नववर्षाच्या सणाला, तेतच्या तिसऱ्या दिवशी, आपल्या घरी आले होते. गुरूंचा दिवस म्हणून सगळे विद्यार्थी येत. पहिल्या दोन वर्षी आम्ही नऊ-दहा जण जमिनीवर बसून कलिंगडाच्या बिया सोलत होतो आणि बाईसाहेब आम्हाला नारळपाण्यात शिजवलेले मांस वाढत होत्या. शेवटच्या वर्षी आपण कुलगुरू होतात. अंगणात रांग होती, कार्यालयातला एक माणूस यादी घेऊन उभा होता, माझा क्रमांक एक्केचाळीस होता. रांगेतले बहुतेक आपले विद्यार्थी कधीच नव्हते. एक गृहस्थ तर छपाईचे कंत्राटदार होते.

२०२० पासून मी आले नाही. आपण त्याचा अर्थ लावलात, आणि तो अर्थ लावणे साहजिक होते. नोव्हेंबर २०२२च्या शिक्षक दिनाच्या समारंभात आपण पाहुण्यांना माझी ओळख करून दिलीत, "ही लुआ. हिला माझं घर फक्त परीक्षेच्या वर्षात सापडतं." सगळे हसले. मीही हसले, असे मला नंतर छायाचित्रात दिसले. पुढच्याच आठवड्यात माझा पीएच.डी.चा आराखडा सहीशिवाय परत आला. विषय होता, वाऱ्याचा खारेपणावरील परिणाम. समासात आपल्या अक्षरात पेन्सिलीने लिहिले होते: "वारा हा कवींचा विषय आहे."

मी का येत नव्हते, ते आता सांगते. २०२० साली तेत २५ जानेवारीला होता. आदल्या दिवशी धक्क्याचे नोंदणीदार साऊकाका घरी आले. रोज पाण्याचा खारेपणा मोजणे आणि दरवाज्याची चावी सांभाळणे, ही दोन्ही कामे अठ्ठावीस वर्षे त्यांच्याकडेच आहेत. त्यांच्याकडे थोरल्या लेकीचे सासर जेवायला यायचे होते. मला म्हणाले, "पोरी, तू आता एम.टेक.वाली. तीन दिवस वही तेवढी तुझ्याकडे ठेव."

मी खारेपणा मोजायचे यंत्र मागितले. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"यंत्र कशाला? अगं, तेतचं मोजत नाहीत. तेतचं भरतात."

मला ते समजले नाही. वहीत रकाना होता, आणि रकाना मोजण्यासाठी असतो, एवढेच मला ठाऊक होते. त्यांनी कुरकुरत यंत्र दिले. म्हणाले, "सणासुदीला नदीच्या पाठीमागे लागणारी तू पहिलीच."

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता भरती चढत असताना मी मोजले. आपल्या तक्त्याप्रमाणे लिटरला शून्य पूर्णांक आठ ग्रॅम यायला हवे होते. यंत्राने पाच पूर्णांक नऊ दाखवले. मी यंत्र धुऊन पुन्हा मोजले. पुन्हा तेच आले. समुद्रावरचा चुओंग वारा इतका होता की धक्क्यावर वही उघडी राहत नव्हती.

येथून पुढचे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेले नाही. आजही सांगत नाही. पुढच्या खेपेस.


गुरुवार, १८ जानेवारी

आज साऊकाकांकडे जाऊन आले. आरोप करण्यापूर्वी विचारून घ्यावे, हे आपलेच शिकवणे.

ते जाळे विणत बसले होते. तेतचे आकडे भरायचे, हे कोणी ठरवले, असे मी विचारले. त्यांना ती लपवण्याची गोष्ट वाटत नव्हती. उलट ते आठवणीने खुलले. ते म्हणाले, "पहिलं वर्ष. माझी थोरली तेव्हा अडीच वर्षांची. तेतच्या आदल्या दिवशी खिएम सर स्वतः आले, हातात केळीच्या पानातला भात. मला म्हणाले, साऊभाऊ, घरी जा. नदी तीन दिवसांत कुठं पळून जात नाही. अलीकडचा आकडा बघ, पलीकडचा बघ, मधले तीन भरून टाक. असा साहेब मी आयुष्यात दुसरा नाही पाहिला."

मग त्यांनी आणखी एक सांगितले. दरवर्षी तिसऱ्या दिवशी आपण याच धक्क्यावरून पलीकडे जाणारी होडी धरत होतात. पांढरा सदरा, हातात चहाचा डबा. आपले गुरुजी पलीकडच्या तीरावर राहत. ते गेले त्या वर्षापर्यंत आपण एकदाही चुकला नाहीत. साऊकाका काठावरून हात करत आणि आपण होडीतून.

मी घरी येऊन चोवीस वह्या पुन्हा पाहिल्या. तेतच्या तीन दिवसांचे आकडे दरवर्षी एका सरळ रेषेत आहेत. शाईही एकाच बैठकीची आहे. चोवीस वर्षे, प्रत्येकी तीन दिवस: बहात्तर.

आठ हजारांत बहात्तर म्हणजे काहीच नाही, असे कोणीही म्हणेल. दुसरे कोणतेही बहात्तर दिवस असते, तर मीही म्हटले असते. परंतु तेत नेहमी अमावास्येलाच येतो. अमावास्येमागून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उधाण येते, आणि चुओंग वारा समुद्राकडून सर्वांत जोरात वाहतो तोही याच सुमारास. पुढच्या अमावास्यांना उधाण असते, पण वारा पडलेला असतो. वारा आणि उधाण एकत्र येऊन खारे पाणी आत ढकलतात ते वर्षातून जेमतेम तीन दिवस, आणि नेमके त्याच तीन दिवशी धक्क्यावर कोणी नसते. म्हणून आपल्या सूत्रात वाऱ्याचा गुणांक जवळजवळ शून्य आला. गणितात आपली चूक नाही. नदी दरवर्षी एकच गोष्ट सांगत होती आणि त्या वेळी आपण सगळे घरी होतो.

मी २०२० ते २०२३ असे चार तेत मोजले आहेत. बारा नोंदी. चारही वर्षी तक्ता म्हणतो गोडे, आणि पाणी म्हणते खारे. आपल्या दाराशी मी नव्हते ती या कारणाने. आता हे कारण सांगितल्याने माझे न येणे क्षम्य ठरते, असा माझा दावा नाही. सांगून मग न येता आले असते.


सोमवार, २२ जानेवारी

राहिलेले आज लिहिते.

पाच पूर्णांक नऊ हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून मी साऊकाकांच्या घरी गेले होते. धक्क्यापासून त्यांचे घर साठ पावलांवर आहे. ओसरीवर वीस-बावीस माणसे होती, सगळी व्याह्यांकडची. मी दारात उभी राहिले आणि सगळे जेवता जेवता माझ्याकडे वळले. साऊकाकांनी हातातला पेला न ठेवताच विचारले, "काय गं, कसंय पाणी?" तक्त्याप्रमाणे त्यांना पावणेपाचला दरवाजा उघडायचा होता, म्हणजे बागांच्या चरांत गोडे पाणी शिरेल.

मी म्हणाले, "तक्त्याप्रमाणे."

सर, मी भित्री आहे म्हणून तसे म्हणाले, असे लिहिणे सोपे आहे, आणि गेली चार वर्षे मी स्वतःला तेच सांगत आले. ते पुरते खरे नाही. माझ्या हातात यंत्र होते, दोनदा धुतलेले. आणि तरी माझा विश्वास यंत्रावर नव्हता, आपल्या सूत्रावर होता. पाणीच चुकले असेल, असे मला वाटले.

पावणेपाचला दरवाजा उघडला. दरवाज्यालगतचा पहिला चर माझ्या नाममावशीच्या रोपवाटिकेचा. तिथे दुरियनची अकराशे कलमे होती, पावसाळ्यात विकायला तयार व्हायची. आठ दिवसांत पानांच्या कडा जळाल्या, पंधरवड्यात सगळी वाळली. मावशी माझ्याकडे एक कलम मुळासकट घेऊन आली. "तू एवढी शिकलीस. सांग, माझं काय चुकलं?" मी मुळे उलटीसुलटी करून पाहिली आणि सांगितले की मुळे कुजली असावीत, खत जास्त झाले असेल. तिने मान डोलावली. चार वर्षे ती खत मोजून घालते.

त्या वर्षी मी प्रबंध पूर्ण केला. त्यात आपले सूत्र जसेच्या तसे वापरले. त्याला पारितोषिक मिळाले. त्या तेतच्या तीन नोंदींपैकी एकही त्यात नाही.

म्हणून हे पत्र आपली चूक दाखवण्यासाठी आहे, असे कृपया समजू नये. आपली चूक एका माणसाला सणाला घरी पाठवण्यातून झाली. माझी कशातून झाली, ते मी वर लिहिले आहे.

यंदा तेत १० फेब्रुवारीला आहे. परिषदेत तक्ता मंजूर झाला, तर ११ आणि १२ तारखेच्या दुपारी दोनशे बारा दरवाजे उघडतील. आन लोयला दरवाज्याआड एकोणीस वाड्या आहेत. इतरत्र किती, ते आपल्या कार्यालयाकडे असेल.

माझी विनंती एवढीच, की तक्ता आपण स्वतः मागे ठेवावा. आपल्या शब्दाने तो एका क्षणात थांबेल, माझ्या शब्दाने थांबणार नाही. आपल्या कारकिर्दीचे हे शेवटचे वर्ष आहे आणि याच तक्त्यासाठी आपण सहा वर्षे फायली हलवल्यात, हे मला ठाऊक आहे.

आपण काही कळवले नाही, तरी कार्यपरिचय मीच वाचणार आहे. चौथ्या पानावर मी आठ हजार सहाशे चौऱ्याण्णव हा आकडा लिहिला आहे. तोच वाचेन. बारा नोंदींची प्रत सोबत जोडली आहे.

आपली विद्यार्थिनी,
हुइन थी लुआ

(कुलगुरू कार्यालयाच्या खिडकीवर बंद पाकिटात दिले. आवक शिक्का मंगळवार, २३ जानेवारी, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे.)


आन लोयचा धक्का,
सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४. तेतचा तिसरा दिवस.

आदरणीय खिएम सर,

परिषदेला आज तेरा दिवस होतात. जे घडले ते आपल्यासमोरच घडले, त्यामुळे ते पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. परंतु मी खाली मान घालून वाचत होते, आणि ज्या गोष्टी मला त्या वेळी दिसल्या नाहीत त्या नंतर इतरांकडून कळल्या. म्हणून माझ्यासाठी क्रमाने लिहून ठेवते.

आपले उत्तर आले नव्हते. सभागृहात दोनशेच्या आसपास माणसे होती. मी परिचय वाचला. चौथ्या पानावर माझा आवाज उतरला, आणि बहुतेकांना आकडा ऐकू गेला नाही. ज्यांना गेला त्यांच्या तो लक्षात आला नाही. साऊकाका दरवाजेवाल्यांच्या रांगेत बसले होते. ते सांगतात, की आपण चहाचा पेला उचलला होतात तो तसाच पुन्हा बशीत ठेवलात. मी खाली उतरले. आपण भाषणाला उभे राहिलात आणि तिसऱ्या मिनिटाला म्हणालात, "सलग आठ हजार सातशे सहासष्ट दिवस." छापील भाषणात तसेच होते.

तेव्हा मला वाटले, की सगळे संपले. मी दाराकडे बघत होते.

इतिवृत्त लिहिणाऱ्या बाई जिल्हा कार्यालयातल्या आहेत, मी त्यांना ओळखत नाही. त्यांनी पेन वर केले आणि विचारले, "माफ करा कुलगुरू, परिचयात एक आकडा आला आणि आपल्या भाषणात दुसरा. इतिवृत्तात कोणता लिहू?"

काही जण हसले. कुलसचिवबाई माझ्याकडे वळल्या. अध्यक्ष म्हणाले, "अहो, कुलगुरूंचाच लिहा, त्यात काय विचारायचं? पोरीची वाचताना चूक झाली असेल."

  मग आपण चष्मा काढलात आणि म्हणालात, "मुलीचा लिहा. उरलेले बहात्तर दिवस आम्ही घरी होतो."

माझे पत्र आपण वाचले होते, हे मला त्या वाक्यावरून कळले.

पुढचा तास मला तुटक आठवतो. अध्यक्षांनी विचारले, की याचा तक्त्याशी संबंध काय. आपण खडू मागवलात. तिथे फळा नव्हता, म्हणून मागच्या फलकाच्या पाठीवर आपण वाऱ्याचा गुणांक लिहिलात, खोडलात, आणि त्याच्या जागी प्रश्नचिन्ह काढलेत. कोणीतरी मागून म्हणाले, की मग सहा वर्षे आम्ही काय ऐकत होतो.  तक्ता स्थगित झाला. तेतच्या तीन दिवसांत सर्व दरवाजे बंद ठेवावेत, असा ठराव दोनच ओळींत लिहिला गेला. आपल्यासाठी आणलेले मानपत्र टेबलावर गुंडाळलेलेच राहिले. कोणाला उघडावे ते सुचले नसावे.

बाहेर जिन्यावर आपण माझ्या बाजूने गेलात. मी नमस्कार केला. आपण थांबला नाहीत. खालच्या पायरीवरून म्हणालात, "आवाज मोठा ठेवत जा. मागच्या रांगेला आकडा ऐकू आला नाही."

तेवढेच. आराखड्याबद्दल आपण काही बोलला नाहीत, आणि मीही विचारणार नाही. जून महिन्यात आपल्याला मुदतवाढ मिळायची होती, ती आता चर्चेत नाही, असे कुलसचिवबाईंकडून कळले. त्यांनी ते मला कळावे म्हणूनच सांगितले असावे. त्या सध्या माझ्याशी बोलत नाहीत.

परवा तेतच्या पहिल्या दिवशी मी नाममावशीला सगळे सांगितले. ती पोमेलो सोलत होती. सांगून झाल्यावर तिने आधी ते फळ पूर्ण सोलले, फोडी ताटात लावल्या. मग म्हणाली, "कलमं गेली ती गेली. पण चार वर्षं मी त्या खतवाल्याला काय काय बोललेय, त्याचं काय?" थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तू कुजकी मुळं दाखवलीस मला. चांगली मुळं होती ती." ती दोन दिवस माझ्याशी बोललेली नाही. ताट मात्र पाठवते.

साऊकाका या वर्षी माझ्याबरोबर धक्क्यावर बसतात. काल व्याही जेवायला आले, तेव्हा त्यांनाही त्यांनी धक्क्यावरच आणून बसवले. व्याही म्हणाले, "तुमच्याकडे सणाला पाहुण्यांना उन्हात बसवायची पद्धत आहे का?" साऊकाका म्हणाले, "यंदापासून आहे."

एक गोष्ट विचारायची होती. शुक्रवारी प्रयोगशाळेला कुलूप लावताना कपाटात तीनऐवजी दोनच यंत्रे होती. एक मी घेतले, त्यामुळे नोंदपुस्तक उघडले. माझ्या आधीच्या ओळीत आपली सही आहे. दिनांक ९ फेब्रुवारी, परत करण्याचा दिनांक १३. पदाच्या रकान्यात आपण "अध्यापक" असे लिहिले आहे. कार्यालयातून कळते, की आज आपल्या घरी कोणी यायचे नाही, असे सगळ्यांना सांगितले गेले आहे. नदीवर पुष्कळ धक्के आहेत. आपण कोणत्या धक्क्यावर आहात ते मला ठाऊक नाही, आणि शोधत मी येणार नाही. माझे यंत्र येथे आहे.

आज गुरूंचा दिवस. मी यंदाही आपल्या दाराशी नाही. चहाचा डबा नाही, फुलेही नाहीत. त्यांच्या जागी एवढे आहे:

आन लोय, भरतीचा माथा, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे. खारेपणा लिटरला सहा पूर्णांक एक ग्रॅम. चुओंग वारा जोराचा, वहीवर दगड ठेवावा लागतो. दरवाजा बंद. आतल्या चरात शून्य पूर्णांक तीन. दोन्ही नोंदी दोनदा घेतल्या. साऊकाकांनी चाखूनही पाहिले आणि थुंकले.

टपाल बंद आहे, म्हणून या पानाचे छायाचित्र काढून पाठवते.

आपल्या धक्क्यावर किती आले, तेवढे कळवावे.

लुआ

पाठविले: सोमवार, १२ फेब्रुवारी २०२४, सायंकाळी पाच वाजून बेचाळीस मिनिटे.